कमी दिसणारी रॅम: आकडा काय सांगतो?

संगणकात जादा रॅम टाकली, मशीन सुरू झालं, पण आकडा काही पुरता वाढला नाही, ही तक्रार वैयक्तिक संगणकाइतकीच जुनी आहे. कुणाला ८ जीबीच्या जागी ३.४५ दिसतात, कुणाला १६ च्या जागी ८, तर कुणाला १५.४. दुरुस्तीच्या दुकानात या तिन्ही तक्रारींना नाव एकच, ‘रॅम घेत नाही’, आणि उपायही बहुधा एकच, स्टिक बदलून बघा. खरं तर हे तीन वेगवेगळे आजार आहेत आणि त्यांतल्या दोहोंत नवी स्टिक आणूनही काही फरक पडत नाही. माझं म्हणणं एवढंच की कमी दिसणारा आकडा हाच पहिला पुरावा आहे. मेमरी नेमकी किती कमी पडली आणि ती कुणाच्या मोजणीत कमी पडली, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की दोष कुठे आहे हे स्क्रू काढण्याआधीच बरंचसं कळतं. हा विचार आज जास्त गरजेचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि असंख्य जुनी मशीनं नव्या सिस्टिमसाठी किंवा लिनक्ससाठी पुन्हा उघडली जाऊ लागली. त्याच सुमारास एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव चढले. अशा वेळी अंदाजाने स्टिक बदलत बसणं परवडणारं नाही.

संगणकात मेमरी एकदा नव्हे, तीनदा मोजली जाते आणि मोजणारे तिघे वेगळे असतात. प्रत्येक स्टिकवर मेमरीच्या चिपांखेरीज एक चिमुकली चिप असते. स्टिकची क्षमता किती, चिपांची रचना कशी, वेग आणि व्होल्टेज काय, हे तिच्यात लिहिलेलं असतं. तंत्रज्ञ तिला एसपीडी म्हणतात. ही नोंद डीडीआर३ पिढीच्या रॅममध्ये २५६ बाइटची होती, डीडीआर४ मध्ये ५१२ ची आणि डीडीआर५ मध्ये १०२४ बाइटची झाली. मशीन सुरू होताच बायोस ती वाचतं, मग प्रत्यक्ष लिहून-वाचून सिग्नल नीट पोचतात का हे तपासतं आणि जी मेमरी भरवशाची ठरेल तिचा नकाशा ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती देतं. सिस्टिम त्या नकाशातून स्वतःला वापरता येईल तेवढीच मेमरी उचलते. इथे एक बारकावा ध्यानात ठेवला पाहिजे. एसपीडी वाचायच्या दोन तारा वेगळ्या असतात आणि डेटा वाहणाऱ्या ६४ तारा वेगळ्या. त्यामुळे सीपीयू-झेडसारखं एखादं सॉफ्टवेअर स्टिकची कंपनी, वेग, क्षमता सगळं बिनचूक दाखवतं आणि तरीही त्या स्टिकमधला एक बाइटसुद्धा वापरात नसतो. ‘सीपीयू-झेडमध्ये दिसते, म्हणजे रॅम लागली’ या म्हणण्यात म्हणूनच तथ्य नाही. स्टिक ओळखली जाणं आणि तिची मेमरी वापरात येणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. तिघांपैकी कुणाचा आकडा पहिल्यांदा घसरला हे शोधणं म्हणजेच निदान.

सगळ्यात जुना दोष पत्त्यांचा. प्रोसेसर मेमरीच्या प्रत्येक बाइटला एका क्रमांकाने हाक मारतो. गावात घरं बांधून तयार आहेत, पण द्यायला घरक्रमांकच उरले नाहीत, तर टपाल पोचणार कसं, तशातली ही गत. १९८१ च्या आयबीएम पीसीमधल्या ८०८८ प्रोसेसरला पत्त्यांच्या २० तारा होत्या, म्हणजे जास्तीत जास्त १ एमबी. त्यातले वरचे ३८४ केबी पत्ते स्क्रीनसाठी आणि कायमस्वरूपी प्रोग्रॅमच्या चिपांसाठी राखून ठेवले आणि वापरणाऱ्याच्या वाट्याला ६४० केबी आले. १९८५ च्या ८०३८६ ने ३२ तारा दिल्या आणि मर्यादा ४ जीबीवर गेली. तेव्हा ती अफाट वाटली असणार, पण वीसेक वर्षांत घरगुती संगणकाने ती गाठली आणि जुनाच प्रसंग नव्या आकड्यांनिशी उभा राहिला. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क आणि इतर उपकरणांनाही पत्ते लागतात आणि ते ४ जीबीच्या वरच्या टोकाला दिले जातात. तेवढे पत्ते रॅमच्या वाट्यातून वजा होतात. म्हणून ३२-बिट विंडोजवर ४ जीबी टाका नाहीतर ८ जीबी, वापरात ३ ते ३.५ जीबीच येतात. आकडा या पट्ट्यात अडकलेला दिसला की स्टिककडे संशयाने पाहायचं कारण उरत नाही.

यावर जाणकारांचा एक रास्त आक्षेप येतो. ३२-बिट म्हणजे ४ जीबी हे समीकरणच अपुरं आहे, कारण १९९५ च्या पेंटियम प्रोपासून इंटेलने पत्त्यांच्या ३६ तारा दिल्या होत्या आणि त्यांतून ६४ जीबीपर्यंत पोचता येत होतं. विंडोज सर्व्हर २००८ ची एंटरप्राइज आवृत्ती ३२-बिट असूनही ६४ जीबी वापरत होती. मग घरगुती विंडोजच का अडली? मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क रुसिनोविच यांनी २००८ मध्ये याचं कारण उघडपणे मांडलं. सामान्य ग्राहकांच्या उपकरणांचे अनेक ड्रायव्हर ४ जीबीच्या पलीकडचे पत्ते सांभाळायला लिहिलेलेच नव्हते आणि मशीनं कोसळत होती, म्हणून घरगुती आवृत्त्यांत वरची मेमरी जाणूनबुजून सोडून दिली गेली. आक्षेप खरा आहे आणि त्याने मूळ मुद्दा आणखी पक्का होतो. इथे मर्यादा सिस्टिमच्या धोरणाची होती, हार्डवेअर निर्दोष होतं. असंच धोरण आवृत्त्यांमध्येही दिसतं. ६४-बिट विंडोज ७ होम बेसिक ८ जीबीवर थांबत असे, होम प्रीमियम १६ जीबीवर. विंडोज १० आणि ११ च्या होम आवृत्तीची मर्यादा १२८ जीबी आहे, त्यामुळे आज आवृत्तीची अडचण क्वचित येते. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच आहे. पण जुन्या मशीनवर अजूनही ३२-बिट विंडोज चालत असेल, तर रॅम घेण्याआधी ६४-बिट सिस्टिम घालणं हाच उपाय, आणि त्याला पैसे नव्हे, अर्धा दिवस आणि डेटाचा बॅकअप लागतो.

काही मशीनं मात्र ६४-बिट प्रोसेसर आणि ६४-बिट सिस्टिम असूनही ३ जीबीच्या आसपासच थांबतात. तिथे दोष चिपसेटचा, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिपांचा असतो. इंटेलच्या ९४५ मालिकेच्या चिपसेटवर २ जीबीच्या दोन स्टिक बसतात, बायोसलाही त्या दिसतात, पण उपकरणांसाठी झाकली गेलेली मेमरी ४ जीबीच्या वर सरकवून पुन्हा पत्ते द्यायची सोय त्यात नाही. हे सरकवणं म्हणजे रीमॅपिंग. नंतरच्या चिपसेटांत ते आलं आणि बऱ्याच बायोसमध्ये ‘मेमरी रीमॅप’ नावाचा पर्याय दिसू लागला. तो बंद असेल तर चालू करायला मिनिटही लागत नाही. ९४५ वर मात्र असा पर्यायच नाही, कारण पत्त्यांची तार मुळात तिथवर गेलेलीच नाही. अशा मशीनवर कितीही महाग स्टिक लावली तरी आकडा हलणार नाही आणि हे आधी माहीत असलं तर खर्च वाचतो.

आता दुसरा आकडा घेऊ: स्टिक बरोबर अर्धीच दिसते. इथे पत्ते पुरेसे असतात, अडचण चिपांच्या रचनेची असते. १९९८ च्या इंटेल ४४०बीएक्स चिपसेटवर २५६ एमबीच्या काही स्टिक १२८ एमबी दिसत असत. त्या चिपसेटला प्रत्येकी १२८ मेगाबिटपर्यंतच्याच चिपा हाताळता येत होत्या. १६ चिपांची २५६ एमबी स्टिक पूर्ण दिसे, तर २५६ मेगाबिटच्या ८ चिपांनी बनलेली, तितक्याच क्षमतेची स्टिक अर्धी दिसे. इंटेलच्या जी४१ चिपसेटचे बोर्ड आजही जुन्या मशीनांत भेटतात आणि त्यांच्यावर हीच गोष्ट डीडीआर३ च्या रूपात समोर येते. ४ जीबीची स्टिक २ गिगाबिटच्या १६ चिपांनी बनते, तशीच ४ गिगाबिटच्या ८ चिपांनीही बनते. हिशेब दोन्हीकडे ३२ गिगाबिटचाच. पण जी४१ ला पहिलीच पचते, दुसरी बहुधा एकतर चालत नाही किंवा मशीन सुरूच होऊ देत नाही. म्हणून असा बोर्ड असलेल्याने दुकानात फक्त ‘४ जीबी डीडीआर३’ मागू नये, स्टिक हातात घेऊन दोन्ही बाजूंच्या चिपा मोजाव्यात. बाजारात फक्त एएमडी बोर्डांवर चालणाऱ्या स्वस्त डीडीआर३ स्टिकही फिरतात. त्यांतल्या चिपांची रचना इंटेलच्या मेमरी कंट्रोलरला, म्हणजे मेमरी हाताळणाऱ्या भागाला, मान्य नसते. सर्व्हरमधून उतरवलेली रजिस्टर्ड रॅम दिसायला तशीच आणि भावाने आकर्षक असते, पण साध्या डेस्कटॉपवर ती चालत नाही. काही लॅपटॉपना १.३५ व्होल्टचीच डीडीआर३एल लागते, १.५ व्होल्टची जुनी डीडीआर३ खाचेत बसते पण मशीन उठत नाही. या सगळ्यांत स्टिक चांगली असते आणि मशीनही चांगलं असतं, फक्त दोघांचं एकमेकांशी जमत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे एक अख्खी स्टिक, किंवा चारपैकी दोन, गायब होणं. १६ टाकली आणि ८ दिसली, ३२ टाकली आणि १६ दिसली, तर प्रथम संपर्काचा विचार करावा. डीडीआर४ च्या डेस्कटॉप स्टिकला २८८ संपर्कबिंदू असतात. त्यांतल्या मोजक्या तारांचा संपर्क बिघडला तरी बायोसची तपासणी फसते आणि ते त्या स्टिकला वगळून मशीन सुरू करतं. अशा वेळी विंडोजमध्ये ‘१६ जीबी बसवलेली, ८ जीबी वापरण्याजोगी’ अशी ओळ दिसते. एसपीडी वाचली गेली, डेटा मात्र पोचला नाही, हे वर सांगितलेलं अंतर इथे डोळ्यांना दिसतं. दोष स्टिकच्या कडेवर असेल, स्लॉटमध्ये असेल, किंवा ज्याच्याकडे सहसा कुणी पाहत नाही त्या प्रोसेसरच्या बैठकीत असेल. पूर्वी मेमरी कंट्रोलर चिपसेटमध्ये होता. एएमडीने २००३ च्या ॲथलॉन ६४ मध्ये आणि इंटेलने २००८ च्या नेहेलममध्ये तो प्रोसेसरच्या आत आणला. तेव्हापासून प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकली, किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेले, तरी मेमरीचा अख्खा चॅनेल, म्हणजे स्लॉटांना कंट्रोलरशी जोडणारा एक मार्ग, बेपत्ता होऊ शकतो. रॅम टाकण्याच्या दिवशीच कूलरची पेस्ट बदलली असेल, तर संशय आधी तिकडे वळला पाहिजे. एकाच बाजूचे दोन्ही स्लॉट मेले असतील तर चॅनेल गेला, कुठल्याही एकाच स्लॉटमध्ये कोणतीही स्टिक चालत नसेल तर स्लॉट, आणि एकच स्टिक सगळीकडे अडत असेल तर स्टिक. एका वेळी एकच स्टिक, एकाच स्लॉटमध्ये, आणि प्रत्येक निकाल कागदावर, एवढ्या शिस्तीने हा प्रश्न सुटतो.

उरतो तो थोडक्यात कमी दिसणारा आकडा, १६ च्या जागी १५.४ किंवा ८ च्या जागी ७.४. हा बहुतेक वेळा दोषच नसतो. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती मुख्य रॅममधून उधार घेतली जाते आणि तेवढा भाग बायोस आधीच बाजूला काढतं. एएमडीच्या मशीनवर हा वाटा ५१२ एमबी ते २ जीबी असा बराच मोठा असू शकतो आणि अनेक बायोसमध्ये तो कमी करता येतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘हार्डवेअर रिझर्व्ड’ या ओळीत हा हिशेब मिळतो. तिथे काहीशे एमबी असतील तर निर्धास्त राहावं, पण नुकत्याच टाकलेल्या स्टिकइतका आकडा असेल तर वरच्या प्रकारांकडे वळावं. इथेच एक सापळाही आहे. सिस्टिम कॉन्फिगरेशन (एमएसकॉन्फिग) या विंडोजच्या साधनाच्या बूट विभागात ‘मॅक्सिमम मेमरी’ नावाचा चौकोन आहे. रॅम जास्त मिळावी म्हणून अनेक जण त्यात खूण करतात, प्रत्यक्षात तो मेमरीला मर्यादा घालण्यासाठी आहे. जुन्या रॅमचा आकडा तिथे राहून गेला तर नवी रॅम बायोसला दिसते आणि विंडोजला दिसत नाही. खूण काढून मशीन पुन्हा सुरू केलं की काम झालं.

या सगळ्या विवेचनावर दुरुस्ती करणाऱ्यांचा व्यवहारी आक्षेप असतो. स्टिक काढून खोडरबराने पुसून पुन्हा लावली की बऱ्याचदा चालते, मग एवढा विचार कशाला? संपर्काचा दोष असेल तिथे हा उपाय खरोखर लागू पडतो, आणि स्टिक तिरकी बसणं किंवा कडेची खुंटी पुरती न लागणं हे दोष नेहमीचेच आहेत. पण ३.४५ वर अडलेलं मशीन शंभर वेळा पुसूनही हलणार नाही आणि एमएसकॉन्फिगची खूण खोडरबराने निघत नाही. शिवाय संपर्कबिंदूंवरचा सोन्याचा थर अतिशय पातळ असतो. रबर त्याला घासतं आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड जास्त सुरक्षित. वीज बंद करून, तार काढून, लॅपटॉपची बॅटरी सोडवून मगच हात घालावा, हे तर हवंच. म्हणजे पुन्हा बसवून पाहणं ही पायरी योग्य आहे, ती आकडा वाचल्यानंतर यावी एवढंच माझं सांगणं.

दुसरा आक्षेप उत्पादकाच्या छापील मर्यादेचा. माहितीपत्रकात जास्तीत जास्त ८ जीबी लिहिलं असेल तर चर्चा संपली, असं मानलं जातं. अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. ॲपलच्या २०११ च्या मॅकबुक प्रोची अधिकृत मर्यादा ८ जीबी होती, तरी ८ जीबीच्या दोन स्टिकनी त्यात १६ जीबी चालते. उलट २००६ च्या अखेरच्या कोअर २ ड्युओ मॅकबुकमध्ये २ जीबीच्या दोन स्टिक घातल्या तरी ३ जीबीच्या आसपासच वापरता येतात, कारण आत तोच ९४५ चिपसेट. छापील मर्यादा अनेकदा त्या वेळी मिळणाऱ्या स्टिकवर ठरवलेली असते, खरी मर्यादा मेमरी कंट्रोलरची. लिनक्समधला डीएमआयडिकोड हा प्रोग्रॅम जो कमाल आकडा दाखवतो तोही बोर्ड बनवणाऱ्याने लिहिलेला मजकूर असतो, त्यालाही शेवटचा शब्द मानू नये. प्रोसेसरचा क्रमांक पाहून त्याच्या कंट्रोलरची क्षमता तपासणं हाच भरवशाचा मार्ग. एकसारखी जोडीच घ्या, हा सल्लाही असाच अर्धा खरा आहे. ४ आणि ८ जीबी मिळून १२ जीबी बहुतेक मशीनवर पूर्ण दिसतात. फरक वेगात पडतो, कारण दोन्ही चॅनेलवर समसमान बसणारा भागच दुहेरी वेगाने चालतो. वेग कमी पडणं आणि क्षमता कमी दिसणं या दोन तक्रारी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत डीडीआर५ च्या चार स्टिक लावल्या तर अधिकृत वेग ३६०० वर येतो, मेमरी मात्र पूर्ण मिळते.

डीडीआर५ ने या प्रश्नाला आणखी दोन नवे पैलू दिले. २४ गिगाबिटच्या चिपांमुळे २०२३ मध्ये २४ आणि ४८ जीबीच्या स्टिक आल्या आणि आधीच विकल्या गेलेल्या बोर्डांना त्या ओळखण्यासाठी बायोस अपडेट करावं लागलं. दुसरं, नवी स्टिक टाकल्यावर पहिल्यांदा सिग्नल जुळवायला काही मशीनं कित्येक मिनिटं घेतात आणि तोवर पडदा काळाच राहतो. घाईने बटण दाबून मशीन बंद केलं तर निष्कर्ष चुकतो. आकडा पूर्ण दिसल्यावरही काम संपत नाही. सदोष मेमरी पूर्ण दिसू शकते आणि महिन्याभराने फाइली खराब करू शकते. म्हणून मेमटेस्ट८६ या मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रॅमची किमान एक पूर्ण फेरी चालवूनच झाकण बंद करावं.

तेव्हा निकाल सरळ आहे. मेमरी ३ ते ३.५ जीबीवर अडली तर सिस्टिम किंवा चिपसेट, एकच स्टिक अर्धी दिसली तर चिपांची रचना, अख्खी स्टिक किंवा चॅनेल गेला तर संपर्क, किरकोळ कमी पडली तर ग्राफिक्सचा वाटा. बायोसमध्येच आकडा कमी असेल तर विंडोजमध्ये शोधू नये, आणि बायोसमध्ये पूर्ण असेल तर स्टिक परत करायला धावू नये. उत्पादकांनी कंट्रोलरची खरी मर्यादा आणि चिपांची चालणारी रचना माहितीपत्रकात स्पष्ट छापावी. विक्रेत्यांनी बोर्डाचं नाव विचारल्याशिवाय रॅम देऊ नये. आणि वाचकांनी रॅम घ्यायला निघण्यापूर्वी बोर्डाचं नाव, प्रोसेसरचा क्रमांक, सिस्टिम ३२-बिट की ६४-बिट आणि बायोसमधला आजचा आकडा, एवढ्या चार गोष्टी कागदावर लिहून सोबत न्याव्यात.